दुसरा साक्षीदार

रमजान ईद होऊन आठवडा झाला होता. कांद्याला पाणी देऊन हलिमा घरी आली, तर अंगणातल्या लिंबाखाली एक अनोळखी बाई बसलेली. शेजारी कापडी पिशवी, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. चपला तिने काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या, आत बोलावणं येणारच अशा खात्रीने.

"कोण पायजे?"

बाई उठली. "बाबालाल मुलाण्याचं घर हेच न्हवं?"

"हेच. बकरं इकायचं आसंल तर ते बंद झालंय. मालक आजारी हायेत."

"कळलं. भिगवणात एकानं सांगितलं, लकवा मारलाय म्हणून." बाई जरा थांबली. "संक्रांतीपासनं आले न्हाईत. ईदला बी आले न्हाईत, तवा माझ्या मनात आलं, काय तरी झालं. मी जुलेखा. इंदापुरातनं आले. त्यांचा नि माझा निकाह झालाय. पाच वर्सं झाली."

हलिमाच्या हातात फावडं होतं. पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की या बाईने आपल्याला या अवतारात बघायला नको होतं.

हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत सोलापूरकडे गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. मग हलिमाने फावडं भिंतीला लावलं, रांजणातलं पाणी घेतलं, पाय धुतले. एकदा धुतलेले पुन्हा धुतले.

"आत ये," ती म्हणाली. "बघू, त्यांना वळख लागती का."

बाबालाल खाटेवर उताणा पडला होता. डाळज गावचा तो मुलाणी. जत्रेला, नवसाला गावात बकरं पडायचं तर सुरी त्याची. वर बकऱ्यांचा व्यापारही होता. दर बाजाराला तो इंदापूरला जायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवायचा. "बाजार उशिरा उठतो," असं सांगायचा. संक्रांतीच्या सुमाराला गोठ्यात दावं सोडता सोडता तो कोसळला, तेव्हापासून उजवं अंग गेलं आणि जीभही गेली. आता घशातून फक्त 'आं, आं' निघे.

जुलेखाला बघितल्यावर त्याचा डावा हात उचलला गेला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. जुलेखाने पदराचा बोळा तोंडात धरला.

हलिमा बघत राहिली. लकवा झाल्यापासून त्याला कशानेही रडू यायचं. शेजारची बानूबाई डोकावली तरी, शेळी ओरडली तरी. या रडण्याला साक्ष म्हणून धरायचं कसं?

संध्याकाळी दस्तगीर आला. हलिमाचा एकुलता मुलगा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्याने सगळं उभ्या उभ्या ऐकलं.

"अम्मा, हाकलून दे तिला."

जुलेखा गोठ्याच्या दाराशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "मला काय बी नगं, बाबा. त्यांची सेवा करू द्या. गोठ्यात पडून ऱ्हाईन."

"काय बी नगं म्हणणारीच समदं घिऊन जाती," दस्तगीर आईला म्हणाला, पण तिला ऐकू जाईल असं. "दोन एकर रान अब्बाच्या नावावर हाय. अब्बाला बोलता येत न्हाय, सही करता येत न्हाय. अंगठा तेवढा उठतोय. इंदापुरात कचेरीभवती अशी कामं करणारी मानसं पडलेली असत्यात."

हे हलिमाला सुचलं नव्हतं. सुचल्यावर ते डोक्यातून जाईना. पण तिने बाईला हाकललं नाही. बाहेर सोडली तर तालुक्याला जाऊन काय करील कुणास ठाऊक. नजरेसमोर असलेली बरी, असा तिचा हिशेब. शिवाय कांदा खुरपायला आला होता, आणि बाबालालची पाठ माकडहाडापाशी फुटायला लागली होती.

"कांदा निघंस्तवर ऱ्हा," ती जुलेखाला म्हणाली. "मग बघू."

"बरं, आपा."

"आपा म्हणू नगंस. मी काय तुजी थोरली भन न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून जुलेखा रानात यायला लागली. तिला खुरपं धरता येत नव्हतं. ती पिंजाऱ्याची लेक. बाप गाद्या भरायचा, आणि ती विधवा झाल्यापासून इंदापुरात बाजारामागच्या एका खोलीत वाकळा शिवून खात होती. तिच्या बोटांना सुईचे घट्टे होते, पण तळहात मऊ. दोन दिवसांत हाताला फोड आले. ते तिने कुणाला दाखवले नाहीत, आणि हलिमानेही बघितल्याचं दाखवलं नाही.

बाबालालला हलवणं, धुणं हलिमा स्वतःच करी. जुलेखा दारात उभी राहून पाणी पुढे करी. एकदा पाठीचा व्रण बघून ती म्हणाली, "असं टेकवून ठिवलं तर हाडापतूर जाईल. मला थोडा कापूस द्या." हलिमाने एक जुनी उशी दिली. जुलेखाने ती फोडली, कापूस बोटांनी पिंजून मोकळा केला, जुन्या लुगड्याच्या पट्टीत भरून चुंबळीसारखं कडं शिवलं. ते व्रणाखाली बसवल्यावर जखम अधांतरी राहायला लागली. आठवड्याभरात तिच्या कडा कोरड्या झाल्या.

त्यानंतर दिवसा त्याच्यापाशी जुलेखा आणि रानात हलिमा, अशी वाटणी होऊन गेली. ठरवून कुणी केली नाही. मात्र रोज संध्याकाळी घरात आल्याबरोबर हलिमा खाटेपाशी जाई, नवऱ्याचा डावा हात उचलून कंदिलाजवळ नेई आणि अंगठा निरखून बघे. रानाचे कागद होते त्या ट्रंकेला तिने कुलूप घातलं आणि किल्ली पोतीत ओवून गळ्यात घातली.

जुलेखा हे सगळं बघत होती. बोलत काही नव्हती. तिचं न बोलणंही हलिमाला खुपायचं. खरी असती तर भांडली असती, असं तिला वाटायचं.

बानूबाई धनगरीण शेजारची, वयाने थोराड. घरची मेंढरं कधीच विकली गेली होती. आता ती लोकांच्या रानात रोजाने जायची. एक दिवस अंगणात टेकून तिने जुलेखालाच विचारलं.

"माझा बी पाटच हाय बग. पयला नवरा साप चावून गेला. पाट लावला त्यो अंधारात, सवाशिणींनी तोंड बघू न्हाय म्हणून. पण चौघं हुती. तुज्या येळंला कोण हुतं?"

हलिमा चुलीपुढे होती. तिचा हात पिठातच थांबला. हा प्रश्न तिने इतके दिवस विचारला नव्हता. उत्तर मिळेल याची भीती होती.

"गावाबाहेरच्या पिराच्या दर्ग्यात झाला," जुलेखा म्हणाली. "म्हाताऱ्या मुजावरानं वाचला. ते मागल्या साली वारले. साक्षीला गेणबा हुते, लोणी भापकरचे. त्यांच्याकडनं हे बकरी घ्यायचे."

"गेणबा? म्हंजी आमच्यातला?"

"व्हय. धनगर."

"आन् आणखी कोण?"

"आणखी कोण न्हाय. मी, हे, मुजावर नि गेणबा."

बानूबाईने हलिमाकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

शुक्रवारी हलिमा रानातून लवकर आली. घरात जुलेखा नव्हती, मागे कपडे वाळत घालत होती. हलिमाने सवयीने नवऱ्याचा हात उचलला. डावा अंगठा काळा होता. टोकापासून पेरापर्यंत काळा, आणि काळं चादरीलाही लागलेलं.

ती ओरडली नाही. मागे गेली, जुलेखाचं मनगट धरलं आणि तिला ओढत अंगणात आणली. बानूबाई आपल्या दारात होती, रस्त्याने पाण्याला चाललेल्या दोघी-तिघी थांबल्या.

"कुणाला आणलं हुतंस घरात? कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"अंगठा काळा हाय त्यांचा. पिशवी आण तुजी. समद्यांसमोर आण."

जुलेखाने पिशवी आणली आणि स्वतःच मातीत उलटी केली. एक लुगडं, दोन परकर, सुयांची डबी, फणी, एक पितळेची छोटी सुरमेदाणी. सुरमेदाणीचं टोपण सैल होतं. पडल्यावर काळी भुकटी लुगड्यावर सांडली.

"आज जुम्मा," जुलेखा म्हणाली. "डोळ्यांत सुरमा घातला त्यांच्या. पाणी आलं, त्यांनी हातानं पुसलं."

हलिमा परत आत गेली. बाबालालच्या डाव्या डोळ्याखाली काळं फासलेलं होतं, कानापर्यंत ओघळ होता. घाईत तिने फक्त अंगठा बघितला होता, तोंड बघितलंच नव्हतं. किती दिवस आपण या माणसाचं तोंड बघितलं नाही, असं तिच्या मनात आलं.

बाहेर जुलेखा गुडघ्यावर बसून लुगडं झटकत होती. रस्त्यावरच्या बाया निघून गेल्या. हलिमा दारात उभी राहिली. 

"मी जाती लोणीला," ती म्हणाली. "त्या गेणबाला इचारते."

"इचारा," जुलेखा म्हणाली. "मी कवापासनं वाट बघतीया, तुमी इचाराल म्हणून."

मायलेक सकाळच्या एसटीने भिगवणला आणि तिथून बारामतीला गेले, बारामतीत गाडी बदलून लोणी भापकरला उतरले. गेणबाचं घर सापडायला वेळ लागला नाही. तो घरामागे कडब्याची पेंढी सोडत होता. काळा, काटक म्हातारा. मेंढरं त्याचीही गेली होती. दाराशी दोन जर्शी गायी बांधलेल्या. बाबालालचं नाव काढताच त्याने पेंढी खाली ठेवली.

"लकवा? कवा?"

हलिमाने सांगितलं. मग निकाहाचं विचारलं.

गेणबाने दस्तगीरकडे बघितलं, मग तिच्याकडे. "वहिनी, माझ्या तोंडानं तुमच्या संसारात काय जायला नगं."

"ते गेलंय कवाच. खरं ते सांगा."

"झाला निकाह," गेणबा म्हणाला. "माझा मेंढरांचा वाडा तवा इंदापूरच्या शिवारात बसला हुता. बाबालाल आला, म्हणला चल, काम हाय. दर्ग्यात गेलो तर ही बाई बसलेली. मी म्हणलो, आरं मी धनगर, मला तुमचं काय कळतंय, माझं कसं चालंल? तुमच्यातला एखादा बोलाव की. बाजारात पैशाला पासरी मानसं हुती तुमच्यातली. तर म्हणला, देव बघतोय, तू बघतोस, बास झालं."

"असं म्हणले?"

"असंच. मुजावर म्हातारा, त्याला धड दिसत न्हवतं. त्यानं इचारलं साक्षीदार बसले का? बाबालाल म्हणला बसले. बाई कबूल म्हणली, ह्यो कबूल म्हणला. खारका वाटल्या. मी दोन खाल्ल्या." गेणबाने पेंढी परत उचलली. "बाई सरळ हाय, वहिनी. मी तेवढंच सांगीन."

परतताना हलिमाने भिगवणला मशिदीपाशी उतरायला लावलं. मौलाना तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी दोघांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"वाचणारा मुजावर," ते म्हणाले. "बरं, त्यालाही साक्षीदार धरला, तरी तो एकच. दुसरा मुसलमान हवा. धनगर भला माणूस असेल, पण निकाहात त्याची साक्ष नाही. निकाह झाला नाही."

"मग ती पाच वर्सं?"

"तिला माहीत नव्हतं, तर तिच्यावर ओझं कमी. अल्लाह माफ करणारा आहे." त्यांनी थोडा विचार केला. "तुमचे शोहर शुद्धीवर आहेत ना? मुक्या माणसाचा इशारा चालतो. तुमची हरकत नसेल तर दोन साक्षीदार बसवा, मी येऊन नव्याने वाचतो. तोवर तिने त्यांना हात लावू नये."

एसटीत दस्तगीर मोकळा झाल्यासारखा दिसला. "मिटलं, अम्मा. बायकूच न्हाय तर वाटा कसला?"

हलिमा खिडकीकडे बसली होती. तिला तिच्या मामेबहिणीचं लग्न आठवत होतं. पळसदेवला, भर उन्हात. काझी आला नव्हता म्हणून बाबालालनेच निकाह वाचायला घेतला होता. एक साक्षीदार हजर, दुसऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडलेली. नवरदेव घामाने निथळत होता, जेवण निवत होतं, लोक म्हणत होते वाचून टाका. बाबालाल हलला नव्हता. "एकावर न्हाय चालत," म्हणाला होता. "एकावर वाचला तर ती ठिवलेलीगत हुती." शेवटी हायवेवर जाऊन एका ट्रकवाल्या पठाणाला हाताला धरून आणला, तेव्हा त्याने वाचला होता.

म्हणजे त्याला माहीत होतं.

इतके दिवस तिचा संशय त्या बाईच्या पिशवीत, तिच्या गप्प बसण्यात फिरत होता. तो आता घरी खाटेवर जाऊन बसला. बाजारात माणसं असताना त्याने धनगर का नेला? गडबडीत? बोभाटा होऊ नये म्हणून? का उद्या अंगावर आलं तर हात झटकता यावेत म्हणून? आपल्यापासून त्याने बाई लपवली, आणि बाईपासून निकाह कच्चा आहे हे लपवलं. का नव्हतंच लपवलं, आणि खरंच त्याला देव पुरेसा वाटला होता? हलिमाला काहीच ठरवता येईना. वीसपंचवीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो, त्याच्याबद्दल हे आपल्याला ठरवता येत नाही, याचाच तिला जास्त राग आला.

घरी आल्यावर दस्तगीरने अंगणातच जुलेखाला सांगितलं. "मौलाना म्हणले, निकाह झालाच न्हाय. आता अब्बाला हात लावायचा न्हाय."

जुलेखाने हलिमाकडे बघितलं. हलिमाने मान वळवली.

दुसऱ्या दिवशी हलिमा कांद्याच्या रानात गेली. उन्हाचा तडाखा होता, शेवटचं पाणी द्यायचं होतं आणि वीज जाऊन येऊन होती. ती दुपार टळल्यावर परतली. अंगणातूनच वास आला. जुलेखा उंबऱ्याबाहेर भिंतीला पाठ लावून बसली होती, हात मांडीत, डोळे सुजलेले. आत बाबालाल घाणीत पडला होता. माशा बसल्या होत्या. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता.

"कवापासनं?"

"सकाळपासनं," जुलेखा म्हणाली. "बानूबाई रानात गेलीया. रस्त्यानं जाणाऱ्या दोन मानसांना हाका मारल्या, कुणी आलं न्हाय."

"मग तू का न्हाय गेलीस आत?"

"कोण म्हणून जाऊ?"

तिने हे तक्रारीच्या सुरात विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती. हलिमा तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने पदर खोचला.

"मौलाना हितं धुवायला येणार हाय का? ऊठ. पाणी आण, नि खालच्या अंगाला धर."

दोघींनी मिळून त्याला कुशीवर घेतलं. जुलेखाने पाय धरले, हलिमाने पुसलं. चादर काढली, पाठ धुतली, कडं बदललं. हलिमाचा हात आज जड पडत होता. एकदा त्याने कण्हून अंग चोरलं. धुऊन झाल्यावर तिने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"लोणीला जाऊन आले मी. गेणबाला भेटले."

त्याचे डोळे तिच्यावर स्थिरावले.

"बाजारात एवढी मानसं असताना धनगर कशापायी नेला? तुमास्नी म्हाईत हुतं का न्हाय, एकावर चालत न्हाय ते?"

जुलेखा ओलं फडकं हातात धरून थांबली.

बाबालाल बघत राहिला. मग त्याने डोळे भिंतीकडे फिरवले. त्यांतून पाणी आलं. हलिमाने वाट बघितली, पण तो परत वळला नाही.

जुलेखाने फडकं बादलीत टाकलं आणि बादली घेऊन ती बाहेर गेली. हलिमा मागोमाग गेली. लिंबाच्या बुडाशी जुलेखा फडकं पिळत होती, पिळून झालेलं परत पिळत होती.

"मौलाना म्हणले, नव्यानं वाचता येतो," हलिमा म्हणाली. "हातानं खूण केली तरी चालतंय. माझी ना न्हाय. दस्तगीरला बसवीन साक्षीला, बसायचाच त्यो."

जुलेखाने फडकं झटकून लिंबाच्या फांदीवर टाकलं.

"न्हाय, आपा," ती मग म्हणाली. "आता वाचला तर आदीचा न्हवता, असं माझ्याच तोंडानं हुतंय. मी एकदा कबूल म्हणलेय. मनापासनं म्हणलेय. त्यांनी काय केलं ते त्यांचं त्यांच्यापाशी. परत म्हणायला माझ्यापाशी काय न्हाय."

"लोक ठिवलेली म्हणतील."

"म्हणतातच की."

या वेळी हलिमाने तिला 'आपा म्हणू नगंस' असं सांगितलं नाही. दस्तगीरला तिने संध्याकाळी बजावलं, की ही बाई त्यांना बघेल, आणि तू मधे बोलायचं नाहीस. तो जेवण न करता बाहेर गेला.

कांदा काढणीला येऊन त्याच्या माना पडायला लागल्या त्याच आठवड्यात बाबालाल गेला. दुपारची वेळ होती. जुलेखा चमच्याने पाणी पाजत होती. एक चमचा आत गेला, दुसरा ओठातून बाहेर आला. हलिमाला रानातून बोलावून आणलं. संध्याकाळच्या आत त्याला माती दिली. भिगवणहून, पळसदेवहून माणसं आली होती, गावातलेही होते. उन्हातान्हात गेणबा लोणीहून आला, लांब उभा राहिला आणि माती टाकून गेला.

आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. जुलेखा कोपऱ्यात होती; तिच्याभोवती सगळ्यांनी थोडी जागा सोडली होती.

तिसऱ्या दिवशी कबरीवर फुलं घालून जियारत झाली. पाहुणे गेले. बाबालालची थोरली बहीण हाजराबी तेवढी राहिली होती. तिने सकाळी दस्तगीरला समोर बसवलं. "तुज्या अम्माला आता चार महिने दहा दिवस घरात बसायचंय. इद्दत हाय. उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा न्हाय. रानाचं काय ते तू बघ."

"रानात कांदा झोपलाय," दस्तगीर म्हणाला. "वळवाचं आभाळ येतंय रोज. मी ट्रॅक्टरवर. बाया मिळंनात." त्याने जुलेखाकडे न बघता हात केला. "ती जाईल. तिला कुठली इद्दत? ती मोकळी हाय."

"व्हय," हाजराबी म्हणाली. "तिला काय बंधन न्हाय."

जुलेखा उठली. कोपऱ्यातलं खुरपं तिने घेतलं. बाहेर जायला तिने पदर सारखा केला. खुरपं एकदा खाली पडलं, तिने परत उचललं. गेल्या तीन दिवसांत ती रडली नव्हती. रडायला लागली असती तर कुणीतरी विचारलं असतं, कुणासाठी रडतेस.

हलिमा चटईवर बसली होती. ती हाताचा टेका घेऊन उभी राहिली आणि जुलेखाच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"तू बस."

"भाभी, हे काय?" हाजराबी म्हणाली.

"जुलेखा इद्दत बसंल. मी रानात जाती."

"आगं पण निकाह झालेली तू. इद्दत तुझ्यावर हाय."

"माझ्यावर हाय. दिस मावळायच्या आत मी उंबऱ्याच्या आत आसंन. पोटापायी दिवसा बाहेर पडायला मनाई न्हाय, हे त्यांनीच किती बायांना सांगितलेलं मी ऐकलंय." हलिमाने डोक्यावर पदर घेतला. "मी रानात दिसले म्हणून मला कोण इचारणार हाय, तू त्यांची कोण म्हणून? उभं गाव जाणतंय. हिला इचारत्यात. ही आज खुरपं घिऊन बाहेर पडली, म्हंजी ती कुणीच न्हवती असं झालं. आन् ते मला चालणार न्हाय."

"अम्मा, मौलाना काय म्हणतील?" दस्तगीर म्हणाला.

"मौलानाला म्हणावं, साक्षीदार कमी पडला हुता. मी हाय."

ती चटईकडे वळली. "बस हितं," जुलेखाला म्हणाली. "दारातनं दिसशील अशी बस."

जुलेखा चटईच्या काठावर बसली. हलिमाने तिला खांद्याला धरून मधोमध सरकवलं. तेव्हा जुलेखाचा पहिला हुंदका बाहेर आला, आणि मग ती गुडघ्यांत तोंड घालून मोठ्याने रडायला लागली. हाजराबीने इकडेतिकडे बघितलं. थोड्या वेळाने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

हलिमा बांधावर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. बानूबाई आपल्या सुनेला घेऊन आधीच कांदा उपटत होती. न बोलावता आली होती. तिने हलिमाला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"भाभी, तू कशी हितं? तुमच्यात बसावं लागतंय न्हवं?"

"बसलीया की," हलिमा म्हणाली. "त्यांची धाकटी बायकू बसलीया घरात."

ती वाफ्यात उतरली. जमीन कडक झाली होती, पात धरून ओढली की तुटायची. आधी खुरप्याने माती हलवावी लागे. तिने चार कांदे काढले, माती झटकली, ओळीत ठेवले. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला आणि बांधाशी थांबला. दस्तगीर खाली उतरला. चपला काढून तो पलीकडच्या वाफ्यात बसला आणि उपटायला लागला.

आभाळ दक्षिणेकडून काळं होत होतं. संध्याकाळपर्यंत निम्मा कांदा तरी निघणार होता.